चार अख्खी लिंबं

एका गावात एक लांबलचक, दुधी रंगाची जुनी मोटार होती आणि तिला डोळ्यांत तेल घालून जपणारे भार्गवराव होते. मोटारीचा कापडी टप मागे दुमडला की ती उघड्या रथासारखी दिसते, असं त्यांचे वडील सांगत. भार्गवरावांनी मात्र टप कधी उघडलाच नाही.

लग्न होऊन आल्यावर कालिंदीबाई म्हणाल्या होत्या, "एकदा टप उघडून तळ्यापर्यंत जाऊ या ना."

"धूळ बसेल," भार्गवराव म्हणाले. पुढे कधी ऊन आडवं आलं, कधी पाऊस.

दसऱ्याला ते मोटारीला झेंडूची माळ घालत, चाकांपुढे चार लिंबं ठेवत आणि आरती झाली की ती हातानेच उचलून घेत. चाकं फिरायला नकोत! त्या लिंबांचं कालिंदीबाई सरबत करत.

म्हातारपणी भार्गवरावांनी ठरवलं, आपल्यामागे मोटारीचे हाल नकोत. जुन्या गाड्या जमवणाऱ्या पुण्याच्या शिरीनबाईंना त्यांनी ती विकण्यासाठी बोलावलं.

"आज जाणारच आहे ती, तर जाण्याआधी एकदा तरी..." त्या येणार त्या सकाळी कालिंदीबाई म्हणाल्या.

"आज? आज तर मुळीच नाही!"

शिरीनबाई आल्या त्या स्वतःच्या उघड्या मोटारीतून. रंग विटलेला, दाराला पोचा, वर धुळीचा थर. भार्गवरावांनी नाक मुरडलं आणि ऐटीत आपल्या मोटारीवरची चादर काढली.

"वा! एक ओरखडा नाही," शिरीनबाई म्हणाल्या. "टप उघडा की."

भार्गवरावांनी टप ओढला. घडीघडीवर वाळलेलं कापड टरटर फाटलं. किल्ली फिरवली, पण मोटारीने साधा हुंकार दिला नाही. एका जागी उभे राहून टायर खालून चपटे झाले होते.

"रावसाहेब, ही जपलेली नाही हो," शिरीनबाई हळूच म्हणाल्या. "ही नुसती ठेवलेली आहे. चालायला लागली की सांगा, मग बघू."

भार्गवराव गोंधळले. "मी कुणाला हात लावू दिला नाही. मग हिला बिघडवलं कुणी?"

कालिंदीबाई पदर खोचून म्हणाल्या, "शिरीनबाई, तुमच्या गाडीतून तळ्यापर्यंत न्याल का मला?"

धुळकट मोटार भुर्रकन गेली. भार्गवराव दारात उभे राहिले. आपल्याला राग आला आहे की वाईट वाटतं आहे, हेच त्यांना कळेना. राग असला, तर तो कुणाचा?

कालिंदीबाई परतल्या तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते, चेहरा धुळीने माखला होता आणि त्या हसत होत्या. इतकं हसताना भार्गवरावांनी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. गोंधळून त्यांनी मोटार पुसायचं मऊ फडकं पुढे केलं.

"राहू द्या हो," कालिंदीबाई म्हणाल्या. "धूळच आहे. पुसली की जाते."

दुसऱ्याच दिवशी भार्गवरावांनी मिस्त्री बोलावला. टायर बदलले, इंजिन खोललं, नवा टप शिवला. दसरा उजाडला. माळ झाली, आरती झाली. लिंबं उचलायला भार्गवराव सवयीने वाकले, थबकले आणि सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसले. पाय मात्र पेडल दाबायला धजेना.

"घाबरताय काय? लिंबूच आहे ते," शेजारी बसलेल्या कालिंदीबाई म्हणाल्या.

फच्च!

"गेलं यंदाचं सरबत!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या.

तेवढ्यात भार्गवरावांच्या खिशातला फोन वाजला. शिरीनबाई विचारत होत्या, "गाडी तयार झाली म्हणे! घ्यायला केव्हा येऊ?"

काय उत्तर द्यावं? भार्गवराव पुन्हा गोंधळले. त्यांनी कालिंदीबाईंकडे पाहिलं.

कालिंदीबाईंनी टप उघडलेल्या मोटारीत पदर सावरला. "सांगा त्यांना," त्या म्हणाल्या, "गाडी बाहेर गेलीय."

तात्पर्य: वस्तू असो की माणसाची हौस, झाकून ठेवली म्हणजे जपली असं होत नाही, जी वापरावी, मळू द्यावी आणि पुन्हा प्रेमाने पुसावी, तीच टिकते.