गोणपाट कोंबलेला भोंगा

एका डोंगराच्या पोटाशी एक वाडी होती. त्या डोंगराच्या मातीत केसाएवढी काचेची तार पुरलेली होती. तारेतून उजेड धावायचा. आतली माती जराशी सरकली तरी तार ताणली जायची, उजेड बिघडायचा आणि देवळातला भोंगा ओरडायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला तो एकदा ओरडला. सगळी वाडी समोरच्या टेकाडावरच्या शाळेत पळाली, भिजून चिंब झाली. डोंगर काही खाली आला नाही. मानकरी म्हातारे चिडले. जे आपल्याला दिसत नाही ते नाहीच, हा त्यांचा जन्माचा हिशेब.

श्रावणात एका सकाळी भोंगा पुन्हा ओरडला. या वेळी कोणी जागचं हललं नाही. "देवाचा कौल घेऊ," वाडीचे मुख्य मानकरी गुणाजी घाडी म्हणाले.

देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर होकार. एरवी पाकळी सुटेपर्यंत बसून बसून पाय मरायचे.

"देवा, भोंगा बंद करू का?" शब्द तोंडात असतानाच उजवी पाकळी पडली. मग डावी. मग सगळ्याच.

"बघा, देवसुद्धा कावलाय या भोंग्याला!" म्हातारे हरखले.

गुणाजींची सून सुगंधा तान्ही लेक घेऊन खांबाशी उभी होती. देवापुढच्या तांब्यातलं पाणी तिला थरथरताना दिसलं. वारा नव्हता. बाहेर बेडूकही गप्प झाले होते.

"मामंजी, पाकळ्या देवानं नाही पाडल्या. खालची जमीन हलतेय."

"कालची पोर तू! आमचे केस काय उन्हानं पांढरे झालेत?"

"केस काय, आपोआपच पांढरे होतात, मामंजी."

गुणाजींनी रागानं भोंग्याच्या तोंडात गोणपाट कोंबलं. भोंगा थांबला नाही. गळा दाबलेल्या माणसासारखा कण्हत राहिला. सुगंधा लेकीला छातीशी धरून निघाली. तिच्यामागे बायका निघाल्या, पोरं निघाली. "जा, भिजून या!" म्हातारे हसले आणि नारळ फोडायला बसले.

सुगंधानं शाळेच्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे डोंगर खाली आला. देऊळ होतं तिथे नुसता तांबडा चिखल.

मग त्या चिखलाखालून दबलेलं कण्हणं येऊ लागलं. भोंगा होता की मानकरी, कुणालाच ओळखता येईना. बायका धावल्या, हातांनी उकरू लागल्या. उकरता उकरता तेही थांबलं.

तात्पर्य: इशारा देणाऱ्याचं तोंड दाबलं म्हणून संकट परत फिरत नाही, आणि वय वाढलं म्हणून अक्कल वाढतेच असं नाही.