गिरणीवरचा प्रबंध

एका तालुक्याच्या गावी एक भोळा विद्यार्थी राहत होता. नरहरी त्याचं नाव. संज्ञापनशास्त्राच्या एम.ए.ला दोनदा गचकलेला. त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, निक्षून सांगितलं होतं, "या खेपेला प्रबंध पास झाला नाही, तर कॉलेज बंद. मामाच्या वीटभट्टीवर जायचं." नरहरीला विटांची फार धास्ती. मॅडम सांगतील त्यात काडीचाही फरक करायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

विषय मिळाला: पिठाच्या गिरणीवर बायका काय बोलतात आणि ते गावभर कसं पसरतं. मार्गदर्शक होत्या निरगुडे मॅडम. बिचाऱ्या.

पहिल्या दिवशी नरहरी बायकांशी वाद घालून आला. मॅडम म्हणाल्या, "अरे, आपण मध्ये पडायचं नाही. गप्प बसून बघायचं अन् लिहायचं."

पटलं. दुसऱ्या दिवशी एका शेळीनं गिरणीवर आलेल्या जनाकाकूंच्या गव्हाच्या डब्यात तोंड घातलं. नरहरीनं वहीत लिहिलं, 'दहा दहा: शेळी आली. दहा वीस: डबा रिकामा.' काकू तरातरा कॉलेजात आल्या.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "असं काही कळलं तर तिथल्या तिथे मोठ्यानं सांगावं रे!"

पटलं. तिसऱ्या दिवशी राग विसरून काकू त्याच्या कानाशी कुजबुजल्या. नरहरी ताडकन उठला आणि गिरणीच्या घरघरीच्या वर आवाज चढवून ओरडला, "जनाकाकू म्हणतात, सरपंचबाईंच्या लाडवात तूप नसतं, डालडा असतो!"

सरपंचबाई रांगेत तिसऱ्या होत्या.

दोघींची समजूत घालून मॅडमचा घसा बसला. तरी त्या म्हणाल्या, "माहिती देणाऱ्याचं नाव कधी सांगायचं नाही. कुणीही विचारो, कितीही विचारो. नावाऐवजी नंबर टाकायचा."

हेही पटलं. नरहरीनं खपून प्रबंध लिहिला. आणि खरं सांगतो, झकास लिहिला. गिरणीवर इतकं मन लावून आजवर कुणी बसलंच नव्हतं.

तोंडी परीक्षेला मॅडमना आत बसायची मुभा नव्हती. बाहेरगावचे परीक्षक जाम खूश. "वा! शंभरात नव्वद. नाव काय तुमचं?"

नरहरी गालात हसला. "तेवढं विचारू नका, सर."

"अहो, गुणपत्रिकेवर लिहायचंय!"

"मुखपृष्ठावर आहे की. व्यक्ती क्रमांक एकवीस. ही सगळी माहिती मीच दिलीय, मग नाव कसं सांगू?"

परीक्षकांनी समजावलं, दटावलं, हात जोडले. नरहरी बधला नाही. शेवटी नरहरी नावाचं कुणी आलंच नाही असं धरून यादीतल्या त्या नावापुढे त्यांनी 'गैरहजर' लिहिलं.

बाहेर येऊन त्यानं अण्णांना फोन लावला. त्याचा ऊर नुसता भरून आला होता.

"अण्णा, नव्वद मिळाले! आणि कुणाला मिळाले, ते परीक्षकांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही!"