न शिंकलेली माशी

फार वर्षांपूर्वी, डोंगरातल्या नदीवरचं बर्फ नुकतंच वितळू लागलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका गळाला कोंबड्याच्या पिसांची माशी बांधली होती. इतकी हुबेहूब, की खऱ्या माश्याही तिला ताई म्हणत. तिला पाहून ट्राउट मासा झेपावला नाही, असं कधी झालंच नव्हतं.

त्या सकाळी ती ऐटीत पाण्यावर उतरली. खालून एक म्हातारी, ठिपक्याठिपक्यांची ट्राउट वर आली आणि अगदी नाकाशी येऊन थांबली.

"काय देखणी आहेस गं!" म्हातारी म्हणाली. "पण बाई, एवढ्या गारठ्यात आमच्या माश्या कुडकुडतात, शिंकतात. तू मघापासून एकदाही शिंकली नाहीस."

माशीनं खूप जोर लावला. पण पिसांच्या नाकात शिंक येणार कुठून? म्हातारी शेपटी हलवत खोल पाण्यात निघून गेली. माशी बघतच राहिली. इतकी बारीक नजर तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

परतताना मासे ठेवायची रिकामी टोपली कुरकुरली, "आज कुठे माशी शिंकली गं?"

"कुठेच नाही," माशी म्हणाली. "शिंकली असती, तर तू भरली असतीस."