सटवाईपुढे ठेवलेलं कुलूप

एका राज्यात डोंगरमाथ्यावर वरची आळी होती नि पायथ्याला खालची. त्या राज्यात सटवाईचं लिहिणं गुप्त नसे. बाळाच्या सहाव्या दिवशी पाटावर कोरा कागद नि बोरू ठेवावा, दिवेलागणीला त्यावर आयुष्याचा आकडा उमटावा. वरच्या आळीत नव्वद, पंचाण्णव. खालच्या आळीत पाच, सहा, फार तर पन्नास. राजवैद्य सांगत की खालच्यांचं रक्तच पातळ. आणि खालचे ते खरं मानून मुकाट सोसत, आता काय म्हणावं या माणसांना!

येसाक्का ही खालच्या आळीतली सुईण. पाचातली चार लेकरं तिनं पुरली होती. त्यांचे चार कागद लुगड्याच्या ओच्यात बांधून ती वावरे. उरलेल्या एकुलत्या लेकीला मुलगी झाली, नि कागदावर उमटलं, सहा वर्षं. येसाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सटवाईला जाब विचारायला निघाली.

वाटेवरच्या आंब्यावरून साळुंकी बोलली, "रित्या हातानं जाऊ नकोस. आळीच्या विहिरीचं पाणी घे, मूठभर धान्य घे, नि बंद दवाखान्याच्या दारावर जे लटकतंय तेही घे."

पाण्यासाठी येसाक्काला विहिरीचा तळ गाठावा लागला. मूठभर धान्यासाठी सात घरची मडकी खरवडावी लागली, तेव्हा कुठे कोंडा हाती आला. दवाखान्याचं कुलूप गंजून इतकं घट्ट झालं होतं की कानशीनं घासता घासता अख्खा दिवस गेला.

सातव्या डोंगरापलीकडे सटवाई बोरू तासत बसली होती. येसाक्कानं विचारलं, "बाई, माझ्या नातीनं तुझं काय घोडं मारलं?"

सटवाईनं तिन्ही वस्तूंना हात लावला. त्या राजाच्या आवाजात बोलू लागल्या. पाणी म्हणालं, ओढा राजबागेच्या कारंज्यांकडे वळवा. कोंडा म्हणाला, वरच्या आळीला शेतसारा माफ, खालच्या आळीचं निम्मं पीक उचला. कुलूप म्हणालं, दवाखान्याचा खर्च परवडत नाही.

"मनचं मी काही लिहीत नाही," सटवाई म्हणाली. "बाळापुढे जे मांडलेलं असतं, तेच उतरवते."

येसाक्का तिन्ही वस्तू घेऊन परतली तोच राजवाड्यातून बोलावणं आलं. राणी अडली होती, राजवैद्यांनी हात टेकले होते. येसाक्कानं राजपुत्राला सुखरूप सोडवलं. सहाव्या दिवशी पाट मांडायचा मान सुईणीचाच. तिनं पाटावर केशर-बदाम ठेवले नाहीत. ते गढूळ पाणी ठेवलं, कोंडा ठेवला, कुलूप ठेवलं. दिवेलागणीला कागदावर उमटलं, सहा वर्षं.

राजा दीर्घकेतू पांढराफटक पडला. राजवैद्य छताकडे बघू लागले. राजपुत्राचं रक्त पातळ म्हणायची त्यांची छाती होईना.

"याचं नशीब बदल," राजा म्हणाला.

"नशीब कुठलं, महाराज? हे तुमचेच तीन हुकूम. तुम्हीच बदला."

राजानं पाटावरचं सगळं भिरकावून दिलं. आकडा हलला नाही. मग मुकाट बोरू उचलला. ओढा परत वळवला, तसा आकडा बावीस झाला. दोन्ही आळ्यांना सारा सारखा केला, पन्नास झाला. दवाखाना उघडायचा हुकूम लिहिला नि नव्वद उमटले. त्याच घटकेला खालच्या आळीत येसाक्काच्या नातीचाही आकडा नव्वद झाला.

तीन ओळी हो! समईतलं तेल संपायच्या आत लिहून झाल्या. एवढ्यासाठी खालची आळी वर्षानुवर्षं लेकरं पुरत होती.

राजाचा जीव भांड्यात पडला. "काय हवं ते माग," तो म्हणाला.

येसाक्कानं ओच्याची गाठ सोडली नि चार जुने कागद त्याच्या हातावर ठेवले.

"हे बदला."

राजानं बोरू चालवून पाहिला. शाई कागदाला लागेना. त्यानं पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं, आकडे होते तसेच राहिले.

तेव्हापासून त्या राज्यात गादीवर बसणारा प्रत्येक जण हुकूम लिहिण्याआधी खालच्या आळीच्या विहिरीचं पाणी पितो नि ते चार कागद मोठ्यानं वाचतो. दोन्ही आळ्यांचे आकडे सारखे झाले, राज्य सुखी झालं. येसाक्काची चार लेकरं मात्र परत आली नाहीत.