चुलीवरचे बंधन

एकदा एक गाव मोठ्या काळजीत पडले. दुष्काळ नव्हता, रोगराई नव्हती, गावात तट पडले होते असेही नव्हते. उलट पुष्कळ वर्षांनी साऱ्या गावाचे एका गोष्टीवर एकमत झाले होते, आणि ती गोष्ट म्हणजे मोबाइलपायी मुले हाताबाहेर चालली आहेत. हे एकमत झाले तेही गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळी मोठी माणसे दिवसभर कामधंदा सोडून चर्चा करीत बसली तेव्हा. त्यातली गंमत मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही.

ठरले असे की ग्रामसभेत ठराव मांडायचा. अठरा वर्षांखालच्या कोणाही मुलाच्या हाती स्मार्टफोन दिसता कामा नये. दिसला तर तो पंचायतीत जमा. ठराव लिहिण्याचे काम साहजिकच दिगंबर मास्तरांकडे आले. मास्तर गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. भाषा शुद्ध, अक्षर वळणदार, आणि या विषयात त्यांचा जीवही गुंतलेला.

का गुंतलेला, ते सांगितले पाहिजे. त्यांची मुलगी ईश्वरी दहावीत होती. चाचणी परीक्षेत तिचे गुण घसरले, तेव्हा मास्तरांनी तिच्या हातातला फोन काढून घेतला आणि आपल्या कपाटात कुलपात ठेवला. त्या दिवसापासून ईश्वरी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ती भांडली असती तर मास्तरांनी तिला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या असत्या. पण ती भांडलीच नाही. वाढलेले मुकाट जेवायची, अभ्यासाला बसायची, आणि काही सांगायचे झालेच तर आईला म्हणायची, ‘बाबांना सांग, उद्या मला लवकर जायचंय.’ बाबा तिथेच उभे असत. हीच पोर लहानपणी त्यांच्या सायकलच्या नळीवर बसून शाळेपर्यंत अखंड बडबड करीत असे. मास्तरांना तो अबोला फार लागला होता. त्यांना वाटे, एकदा का ठराव झाला की हा नियम गावाचा होईल, बापाचा राहणार नाही; मग आपला वाईटपणा संपेल आणि पोर पुन्हा बोलू लागेल. हे ते कोणापाशी कबूल करीत नसत. पण ठरावाचा मसुदा त्यांनी एका बैठकीत हातावेगळा केला, त्याचे खरे कारण हेच होते.

ओढ्यापलीकडे एक वृद्ध शास्त्रीबुवा राहत. मास्तर तरुणपणी त्यांच्याकडे संस्कृत शिकले होते आणि अजूनही त्यांना गुरुजी म्हणत. गावात शास्त्रीबुवांच्या शब्दाला मान होता. ते सभेत उभे राहून दोन शब्द बोलले तर ठराव बिनविरोध होणार, हे मास्तर जाणून होते. म्हणून दशमीच्या सकाळी ते मसुदा घेऊन ओढा ओलांडून गेले. पाहतात तो ओसरीवर गावातला मोबाइलचा व्यापारी आधीच येऊन बसलेला. तोही शास्त्रीबुवांचा शब्दच मागायला आला होता, फक्त उलट बाजूने.

शास्त्रीबुवांनी दोघांचेही ऐकून घेतले. व्यापाऱ्याचे म्हणणे असे की, आपण कोणाच्या हाती बळेच फोन देत नाही. ज्याला नको त्याने घेऊ नये, घेतला तर मन खंबीर ठेवावे. यात दुकानाचा काय दोष? मास्तरांचे म्हणणे असे की, मोठमोठ्यांचे मन खंबीर राहत नाही, ते पोरासोरांनी कुठून आणावे? आणि दुकानाबाहेर बाक टाकून फुकट वायफाय कोण देतो, हेही त्यांनी जाता जाता विचारले. वाद चांगलाच रंगला. शास्त्रीबुवा मात्र एखादे नवे नाणे उलटसुलट करून पाहावे तसे दोघांची मते न्याहाळीत होते. शेवटी ते म्हणाले की आज दोघांनी इथेच जेवावे.

ते एकटेच राहत आणि स्वयंपाक स्वतः करीत. आमटीला फोडणी बसली, भाताची वाफ ओसरीपर्यंत आली. दोघांच्याही तोंडाला पाणी सुटले. तेवढ्यात शास्त्रीबुवा बाहेर आले, त्यांनी स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले, कुलूप लावले, किल्ली कनवटीला खोचली आणि निवांत बसून एका क्रियापदाची व्युत्पत्ती सांगू लागले.

सुरुवातीला मास्तरांनी ती भक्तिभावाने ऐकली. मग त्यांचे लक्ष दाराकडे जाऊ लागले. पाने घ्यायची ना, असे त्यांनी हळूच विचारले. शास्त्रीबुवा ‘घेऊ की’ म्हणाले आणि दुसऱ्या क्रियापदाकडे वळले. व्यापारी दोनदा उठला, दोनदा बसला. एरवी ज्या विषयावर मास्तर तासन्‌तास बोलत, त्यातला एक शब्द त्यांच्या डोक्यात शिरेना. डोक्यात आमटीच होती. आपल्याला कुत्र्यामांजरासारखे दाराबाहेर बसवले आहे, असे वाटून त्यांना संताप आला. उन्हे कलल्यावर कुलूप उघडले. तोवर आमटी निवून गेली होती. दोघे हूं की चूं न करता जेवले. निघताना शास्त्रीबुवा म्हणाले, ‘सभेत बोलायचं की नाही ते उद्या सांगतो. उद्याही या.’

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. दोघांचाही उपास. मास्तर जरा घुश्शातच गेले, पण गेले. आज स्वयंपाकघराचे दार सताड उघडे होते. ओसरीवर चौरंग मांडला होता आणि त्यावर ताटभर पुरणपोळ्या, वर तुपाची धार. वैद्याने शास्त्रीबुवांचे उपास बंद केले होते, तेव्हा त्या त्यांच्यासाठीच असतील असे पाहुण्यांनी धरले. शास्त्रीबुवा पोळ्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. फुलझाडांना पाणी घालतो म्हणून परसात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

परत आले तेव्हा दोघे कालचा वाद पुन्हा उकरून काढून मजेत बोलत होते. ताट जसेच्या तसे होते. का नाही खाल्ले, असे शास्त्रीबुवांनी विचारताच मास्तर किंचित अभिमानाने म्हणाले, ‘गुरुजी, आज एकादशी.’

‘ते मला ठाऊक आहे. मला कळत नाही ते निराळंच. काल दार बंद होतं, तर तुमचं कशातच लक्ष लागत नव्हतं. आज पोट कालच्याहून रिकामं आहे, ताट हाताशी आहे, आणि तुम्हाला त्याची शुद्धही नाही. हे कसं झालं?’

मास्तर विचारात पडले. प्रश्न त्यांच्या तोंडावर फेकलेला नव्हता, गुरुजींना खरेच कुतूहल होते, आणि हळूहळू ते मास्तरांनाही लागले. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘काल तुम्ही आमच्यापासून अन्न काढून घेतलं होतं. आज आम्ही ते आपण होऊन सोडलंय.’

‘आपल्या भाषेने त्यासाठी दोन शब्द केलेत,’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘एक उपास आणि दुसरा उपासमार. पोट दोन्हीकडे रिकामंच असतं. पण उपास सोडताना माणूस हात जोडतो, आणि उपासमारीतून सुटताना तो ताटावर तुटून पडतो. जमलं तर दार लावणाऱ्यावरही.’

मास्तरांना घरचे कपाट आठवले आणि ते खाली पाहू लागले.

व्यापाऱ्याची कळी मात्र खुलली. आपण तरी वेगळे काय म्हणत होतो, असे म्हणून तो उठायलाच निघाला. मास्तरांना राहवले नाही. ‘पण गुरुजी, दहावीतली पोर आपण होऊन उपास धरेल का? वाट बघत बसलो तर तिचं वर्ष जाईल.’

‘तू पहिला उपास कसा धरलास?’

मास्तरांना हसू आले. त्यांनी सांगितले की आपल्यावर कोणी सक्ती केली नव्हती. आई तर म्हणत होती की लहान मुलांना उपास नसतो. पण घरात सगळ्यांना उपास आणि आपल्याला एकट्यालाच नाही, याचा इतका राग आला की आपण जमिनीवर लोळण घेतली होती.

‘आणि त्या दिवशी घरात भात केला होता?’

‘छे. मला दूधभाकरी मिळायची. पण एकादशीला भाताचं पातेलं आमच्या चुलीवर चढतच नसे.’

‘मग बंधन होतंच की,’ शास्त्रीबुवा म्हणाले. ‘ते तुझ्यावर नव्हतं, चुलीवर होतं. आणि घातलं होतं चूल पेटवणाऱ्यांनी, आधी स्वतः पाळून. शेठ, म्हणून तुम्हीही सुटत नाही. दिवसभर भट्टी पेटती ठेवायची, बाहेर बाक टाकून पोरांना बोलवायचं, आणि वर म्हणायचं की मन खंबीर ठेवा, हा काही न्याय झाला नाही. समाजाने बंधन घालावं, जरूर घालावं. गावाचा ठराव मुलांच्या ताटावर आहे, एवढंच माझं म्हणणं. चुलीवर कोण घालणार?’

व्यापारी पुन्हा बसला. दुकान बंद करू का, असे त्याने जरा रुसूनच विचारले. दुकान चालू द्यावे, बाक आत घ्यावा, असे शास्त्रीबुवांनी सुचवले. त्याने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. सभेला येणार का, या मास्तरांच्या प्रश्नावर शास्त्रीबुवा म्हणाले की आपल्याला हल्ली नीट ऐकू येत नाही, तेव्हा तूच बोल.

द्वादशीला ग्रामसभा भरली. मास्तरांनी मसुदा खिशातच ठेवला आणि वेगळाच ठराव तोंडी मांडला. दिवेलागणीपासून जेवणे आटोपेपर्यंत घरातल्या मोठ्यांनी आपापला फोन बाजूला ठेवायचा. सरपंचांनी, मास्तरांनी, सगळ्यांनी. मुलांचे काय करायचे ते महिनाभराने बघू.

मग मागून कोणीतरी विचारले, ‘बँकेचा मेसेज चालतो का?’ झाले, एकदा तोंड फुटल्यावर प्रश्नांना तोटा राहिला नाही. कांद्याचा भाव बघितलेला चालतो का? फोन दुसऱ्याने धरला आणि आपण नुसते ऐकले तर? भजन चालत असेल, तर भजनाआधीची जाहिरात चालते का? साबुदाणा चालतो, वरई चालते, मग रताळ्याचा शिरा का चालू नये, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तालमीत तयार झालेले ते गाव होते. पळवाटांची यादी मूळ ठरावाहून लांब झाली. खुद्द सरपंच म्हणाले की आपल्याला पदामुळे सूट हवी. मुलांवर बंदी घालायला सर्वांची तयारी होती. स्वतःवरचे बंधन मात्र पुढच्या सभेवर गेले.

मास्तर हिरमुसले होऊन घरी आले. ईश्वरी पुस्तक उघडून बसली होती. त्यांनी कपाट उघडले, तिचा फोन तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘हा तुझा. मी न विचारता हिसकावला, ते चुकलं. माझा आता इथे राहील, जेवणं होईपर्यंत.’ आपला फोन त्यांनी त्याच खणात ठेवला आणि दार लोटले. कुलूप लावले नाही.

ईश्वरीने आपला फोन उचलला आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. मास्तर खुर्चीत बसले. हातांचे काय करावे ते त्यांना सुचेना. वर्तमानपत्र सकाळीच वाचून झाले होते. त्यांनी उगाच खिडकी उघडली, मग लावली. सभेत कोण काय म्हणाले, ग्रुपवर आता आपल्याबद्दल काय चालले असेल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. कपाटात फोन वाजला. ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. वाजून वाजून तो थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

आतल्या दाराशी ईश्वरी येऊन उभी राहिली होती. ती किती वेळ त्यांच्याकडे पाहत होती कोण जाणे.

‘बाबा, वाजतोय.’

‘वाजू दे.’

ती तिथेच घुटमळली. मग तिने विचारले, ‘तुम्हाला करमत नाहीये का?’

मास्तरांच्या ओठांवर मोठ्या माणसाला शोभेल असे काहीतरी आले होते. ते त्यांनी गिळले. ‘नाही,’ ते म्हणाले. ‘अजिबात करमत नाहीये.’

‘मलाही नव्हतं करमत,’ ईश्वरी म्हणाली.

इतके दिवस मास्तर मुलीला वळण लावीत होते, गावासाठी ठराव लिहीत होते, पण त्या कुलपानंतर तिचे दिवस कसे जात असतील हे त्यांनी तिला एकदाही विचारले नव्हते. ते त्यांनी आता विचारले. ईश्वरी त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि सांगू लागली.