न बुडणारी वाटी

एकदा एका डोंगराच्या कुशीतल्या नगरात गणोजी नावाचा मनुष्य वेळ राखण्याचे काम करीत असे. पाण्याने भरलेल्या घंगाळात, तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत राही. ती भरून बुडाली की एक घटका संपली. मग गणोजी टोल देई. त्या टोलावर बाजार उघडे, पाटाचे पाणी एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात वळे. पाण्याकडे पाहता पाहता त्याचे निम्मे आयुष्य सरले होते.

एके दिवशी वार्ता आली, की नगरातल्या व्यापाऱ्याने आपोआप टोल देणारे यंत्र मागवले आहे. गणोजीच्या तोंडचे पाणीच पळाले. तो आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला.

"गुरुजी, वाटीवरून माझी नजर कधी ढळली नाही. आता या वयात पोट कशावर भरू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरू टोलाच्या ओट्यावर आले. "बघू जरा," म्हणत त्यांनी वाटी हातात घेतली, न्याहाळली, पुन्हा पाण्यात सोडली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

वाटी तरंगत राहिली. गणोजी पाहत राहिला. ऊन ओट्यावर चढले, उतरले, सावल्या लांबल्या, पण टोल काही पडला नाही. सारे नगर जणू सकाळीच अडकून राहिले. दुकाने बंद, एका मळ्यात तुडुंब पाणी, आणि शेजारच्या मळ्याचा धनी फावडे धरून झोपेत असल्यासारखा उभा. माणसे तशी शहाणी हो, पण टोलावाचून कुणाला आपली भूकसुद्धा खरी वाटेना!

गुरे परतू लागली तेव्हा गणोजी रडकुंडीला आला. "गुरुजी, आज वाटी बुडतच नाही!"

गुरूंनी वाटी उलटी करून दाखवली. छिद्रात मेणाचा थेंब होता.

"हे तुम्ही केलंत?"

"मीच केलं, बाबा. आणि दिवसभर वाट पाहिली, की तू मान वर करून सूर्य पाहशील, निदान वाटी तरी उचलशील. वाटी बुडाली की टोल द्यायचा, एवढंच तुझं काम असेल, तर ते यंत्र करील आणि न थकता करील. तिथे तुझा टिकाव लागायचा नाही. पण मेण यंत्रातही कधीतरी अडकेल. ते ओळखणं आणि शोधून काढणं माणसाकडेच राहील. तू ते शिकला आहेस का?"

गणोजीने मान वर केली. सूर्य डोंगराला टेकला होता. इतक्या वर्षांत कामावर असताना त्याने तो कधी पाहिलाच नव्हता. त्याला फार शरम वाटली, आणि का कोण जाणे, हलकेही वाटले.

यंत्र आले त्या दिवशी सारे नगर कौतुकाने टोल ऐकत उभे होते. गणोजी मात्र यंत्राभोवती फिरून आला आणि व्यापाऱ्याला म्हणाला, "शेठ, हे उघडतं कुठून?"

व्यापाऱ्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि यंत्राची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.