माणूस मागणारी नदी

आपल्याकडे आगगाडीसुद्धा आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रापलीकडे अमेरिका नावाचा देश आहे. त्या काळी तिथले लोक नव्या जमिनीच्या आशेनं पश्चिमेकडे निघायचे. गाडीवर कापडाचं छत बांधायचं, आत पीठ, बियाणं, अंथरुणं, भांडी भरायची, बैल जुंपायचे आणि पाच-सहा महिने चालत राहायचं. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हतं. म्हणून वीस-पंचवीस गाड्या मिळून तांडा करत आणि वाट ठाऊक असलेला एक कप्तान नेमत.

अशाच एका तांड्यात केझाया नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. उंच, हाडकुळी आणि महाहट्टी. तिची आई दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती. वडील एनॉस गाड्यांची चाकं दुरुस्त करायचे. हातात हत्यार असलं की खुश, चारचौघांत बोलायची वेळ आली की मान खाली, असा त्यांचा स्वभाव.

तांड्याचा कप्तान होता हायरम प्रुइट. ही त्याची सहावी खेप. माणूस शिस्तीचा, कामापुरतं बोलणारा. त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

आणि तांड्याच्या अगदी शेवटी चालायची डॉर्कस म्हातारीची गाडी. म्हातारीचा नवरा वाटेतच वारला होता. पश्चिमेला तिची मुलगी राहायची, तिच्याकडे ती निघाली होती. बिचारी म्हणावी, तर तसं म्हणायची सोय नव्हती. तिचं तोंड फार वाईट. कुणाची भाकरी करपली, कुणाचं पोर रडकं, कुणाचे बैल मरतुकडे, सगळ्याची तिला खबर आणि सगळ्यावर तिची टीका. केझायाला ती ‘लाकडी घोडी’ म्हणायची. एकदा केझाया तिला “आजी” म्हणाली, तर फणकारली, “मी तुझी आजी नाही. तुझ्यासारखी नात असती तर मी केव्हाच मेले असते.”

ऐन उन्हाळा सरता सरता तांडा एका मोठ्या नदीपाशी आला. दुपारची वेळ होती. पाणी छातीइतकं खोल, रंग शिशासारखा. पलीकडे निळे डोंगर दिसत होते. गाड्या काठावर थांबल्या आणि त्याच क्षणी नदीसुद्धा थांबली. वाहतं पाणी जागच्या जागी थबकलं. बैल मागे सरले. मग पाण्यातून आवाज आला. घरातल्याच कुणीतरी जेवायला हाक मारावी, इतका साधा आवाज.

“तुम्हाला नको असलेलं एक माणूस मला द्या. मी वाट देते.”

बायकांनी मुलांना कुशीत ओढलं. कप्तान मात्र दचकला नाही. तो एका दगडावर उभा राहिला.

“हे मी तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही निघालाच नसता,” तो म्हणाला. “दर खेपेला नदी एक माणूस मागते. त्याला नदीतल्या त्या वाळूच्या बेटावर ठेवायचं. मग पाणी घोट्यापर्यंत उतरतं आणि सगळा तांडा पार होतो. संध्याकाळी पाणी पुन्हा चढतं. पाच खेपा मी असेच तांडे नेलेत.”

“आणि नाही दिलं तर?” कुणीतरी विचारलं.

“तर बसा इथंच. मागे गवत उरलेलं नाही. पुढे तीन आठवड्यांत खिंडीत बर्फ पडेल. एक माणूस जायचं की शंभर, तुम्ही ठरवा.”

वरच्या अंगाला, दूरवर, त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं मुलाबाळांसकट, घोड्यांसकट हीच नदी ओलांडत होती. ती काय करतात, नदी त्यांच्याकडे काही मागते का, असं पाच खेपांत कप्तानानं एकदाही विचारलं नव्हतं.

नाव कुणी घेतलं नाही. पण हळूहळू सगळ्यांच्या नजरा शेवटच्या गाडीकडे वळल्या.

“म्हातारं माणूस आहे,” एकजण पुटपुटला.

“तसंही बर्फात टिकणार नाही,” दुसरा म्हणाला.

“तिनं कुणाला कधी गोड शब्द दिलाय?” तिसरी म्हणाली.

“ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा,” कप्तान म्हणाला. हात वर झाले. केझायानं वडिलांकडे पाहिलं. एनॉस खाली बघत होते, पण त्यांचाही हात खांद्याइतका वर आला होता.

“बाबा!”

“तू आहेस ना माझ्याबरोबर,” ते हळूच म्हणाले. “तुला पार न्यायचंय मला.”

तांड्यातल्या दोन गड्यांनी म्हातारीला गाडीतून उतरवलं, बेटावर नेलं आणि एका ओंडक्याला बांधलं. म्हातारी सबंध वाटभर शिव्या देत होती. “भित्र्यांनो! मला विचारलं का कुणी? निदान माझी शाल तरी द्या!” शाल कुणी दिली नाही. कप्तान नदीकडे पाठ करून उभा राहिला. प्रत्येक खेपेला तो असाच उभा राहायचा.

केझायानं म्हातारीच्या गाडीतली शाल घेतली, खांद्यावर दोराचं वेटोळं टाकलं आणि ती पाण्यात उतरली. कुणाला कळायच्या आत ती बेटावर पोचली होती. म्हातारीच्या अंगावर शाल टाकून तिनं दोराचं एक टोक तिच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या.

“परत ये!” कप्तान ओरडला. “नदीनं एकच मागितलंय!”

“मग तिनं निवडावं,” केझाया ओरडून म्हणाली. “न्यायचं तर दोघींना ने म्हणावं!”

“तुला ती आवडते तरी का?” काठावरून एका बाईनं विचारलं.

“अजिबात नाही!” केझाया म्हणाली. “हिच्याइतकी खवट बाई मी पाहिली नाही. पण नावडतं माणूस बुडू द्यायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही!”

पाणी वाळूवर चढलं. केझायाच्या गुडघ्यांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.

“तू बाजूला हो, पोरी,” नदी म्हणाली. “मला नको असलेलं माणूस हवं. तू कुणाला तरी हवी आहेस. तुझा बाप काठावर रडतोय.”

“आणि मी हिला धरून ठेवलं तर?”

पाणी तिच्या गुडघ्यांशी घुटमळत राहिलं, वर चढलं नाही.

केझायाचं डोकं चालू होतं. “म्हणजे तुला ओढून नेता येत नाही,” ती सावकाश म्हणाली. “आम्ही सोडलं, तरच तुला घेता येतं.” मग काठाकडे तोंड करून तिनं विचारलं, “कप्तान, पहिल्या खेपेला पाणी किती होतं?”

कप्तान वळला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “गुडघाभर,” तो म्हणाला.

“आणि गेल्या वर्षी?”

“कमरेइतकं.”

“आज छातीइतकं आहे. पुढच्या वर्षी डोक्यावरून जाईल आणि ती दोन माणसं मागेल. तुम्ही नदीला खाऊ घातलंत आणि ती वाढली, कप्तान! आपण काहीही द्यायचं नाही. सगळे एका दोराला बांधून, हिच्या छातीतून पार जायचं.”

मग एनॉसनी आपल्या गाडीतली हत्यारांची जड पेटी उचलली आणि धाडकन जमिनीवर टाकली. तीस वर्षांची त्यांची कमाई होती ती पेटी. “गाड्या हलक्या करा,” ते मान वर करून म्हणाले. “फटींत डांबर भरा. माझा हात मी खाली घेतला आहे. बाकीच्यांचं काय?”

आधी एक बाई पुढे आली. मग तिचा नवरा. मग एकेक करत सगळे. लोखंडी चुली, आरसे, पेट्या काठावर उतरल्या. दोर, साखळ्या, बैलांचे कासरे, सगळं एकाला एक जोडलं. गाडी गाडीला आणि माणूस माणसाला बांधलं. डॉर्कसला बेटावरून सोडवून आणून तिच्या गाडीत बसवलं. ती गाडी शेवटीच राहिली, कारण तिचे बैल खरोखरच मरतुकडे होते. केझाया त्या गाडीच्या चाकाशी राहिली. त्या गाडीला पुढच्या गाडीशी जोडणाऱ्या दोरापाशी कप्तान. त्याच्या कमरेला सुरी होती.

“मी येतो,” तो केझायाला म्हणाला, “पण शेवटची गाडी तांड्याला बुडवायला लागली, तर दोर कापेन. हे आधीच सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाण्यात उतरले.

नदीनं त्यांना सुखानं जाऊ दिलं नाही. गाड्या भोवऱ्यात फिरल्या, बैल हंबरले, एक गाडी उलटून फुटली आणि सगळं बियाणं वाहून गेलं. पण पाण्याच्या जोरापेक्षा वाईट होता तिचा आवाज. ती प्रत्येकाच्या कानाशी वेगळं बोलत होती. एकाला म्हणाली, “पुढच्याला सोड, तो जड आहे.” एका आईला म्हणाली, “शेजारणीचं पोर सोड, मी तुझी दोन्ही वाचवते.” एनॉसना म्हणाली, “मागचा दोर सोड, मी तुझ्या मुलीला अलगद काठावर ठेवीन.” दोर हातांत होताच, त्यांनी तो दातांतही धरला. कुणी मोठमोठ्यानं गाणी म्हणू लागलं, कुणी नुसतंच “नाही, नाही” ओरडत होतं.

मध्यावर आल्यावर नदी कप्तानाशी बोलू लागली. तिनं आवाज बदलला होता.

“हायरम,” ती म्हणाली, “पहिल्या खेपेला तू मला इथं ठेवलंस. हे सगळे आज असेच पार गेले, तर मी उगीचच मेलो ना रे?”

केझायानं ते ऐकलं. कप्तान पाण्यात उभाच राहिला. “सायलस,” तो पुटपुटला. सायलस त्याचा धाकटा भाऊ होता. पाय मोडला होता म्हणून त्याला पहिल्या खेपेला बेटावर ठेवलं होतं आणि ही गोष्ट त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्यानं सुरी काढली आणि शेवटच्या गाडीच्या दोरावर टेकवली. डोळे घट्ट मिटले.

केझायाचे दोन्ही हात चाकात अडकलेले होते. तिला त्याच्यापर्यंत पोचता येईना.

“कापायचाय तर कापा, कप्तान!” ती ओरडली. “पण या वेळी बघून कापा! पाठ फिरवायची नाही, डोळे मिटायचे नाहीत! हिच्या तोंडाकडे बघा आणि मग कापा!”

कप्तानानं डोळे उघडले. समोर गाडीत डॉर्कस बसली होती. ओली, गारठलेली, ओठ निळे पडलेले. ती त्याच्याकडे बघत होती. आज तिच्या तोंडातून शिवीसुद्धा निघत नव्हती.

सुरी पाण्यात पडली. कप्तानाचा पाय घसरला. तो बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. “सोडा मला!” तो ओरडला. “मी सोडलं त्याला, मलाही सोडा!” त्यानं कमरेच्या दोराची गाठ सोडायला सुरुवात केली.

तेवढ्यात डॉर्कस वाकली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याची दाढी पकडली.

“गप्प बस, मेल्या!” ती खेकसली. “मला ओंडक्याला बांधलंस, त्याचा जाब अजून घ्यायचाय मला. एवढ्या स्वस्तात सुटतोस होय? ए लाकडी घोडी, बघतेस काय, ओढ!”

केझायानं एक हात सोडवला आणि कप्तानाची कॉलर धरली. पुढच्यांनी दोर ओढला, त्यांच्या पुढच्यांनीही ओढला. बैल, माणसं, गाड्या, सगळं एका ताणात पलीकडच्या चिखलात येऊन आदळलं.

दोन गाड्या गेल्या होत्या, अकरा बैल बुडाले होते, पण माणसं मोजली तर एकही कमी नव्हतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. नदी खाली बसत चालली होती. छातीवरून कमरेवर, कमरेवरून गुडघ्यावर. तिचा आवाज बारीक झाला आणि मग नुसतीच पाण्याची खळखळ उरली. उघड्या पडलेल्या वाळूत पाच बुटांचे जोड दिसले. कप्तान परत पाण्यात उतरला, गुडघाभर पाण्यातून तिथवर गेला आणि त्यातला एक जोड छातीशी धरून बराच वेळ बसून राहिला.

तांडा पुढे गेला, पण कप्तान गेला नाही. खिंडीत बर्फानं त्यांना गाठलंच. दोघांच्या पायाची बोटं गेली, एक आठवडा उकडलेल्या कातड्यावर काढावा लागला. तरी सगळे पोचले. डॉर्कसची मुलगी धावत आली, तेव्हा म्हातारी म्हणाली, “किती वाळलीस गं! नवरा जेवायला घालत नाही वाटतं.”

कप्तानानं नदीकाठी झोपडं बांधलं. तिथं येणाऱ्या प्रत्येक तांड्याला तो आपण केलेलं पाप स्वतःच्या तोंडानं सांगायचा आणि मग दोराचं एक टोक हातात घेऊन त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायचा. झोपड्यापुढे त्यानं एक फळी ठोकली होती. तिच्यावर कोळशानं लिहिलं होतं: “ही नदी माणूस मागते. देऊ नका.”

यातून घ्यायचं ते इतकंच: अन्यायाला एक बळी दिल्यानं त्याची भूक भागत नाही, वाढते. सगळ्यांनी एकमेकांना धरून ठेवलं, तर त्याला एकाही माणसाला हात लावता येत नाही.